‘नवा उजेड’ ऐकू नका

आमच्या पार्टीचा ‘नवा उजेड’ हा अल्बम मोबाइलवर अजून सापडतो. कृपा करून ऐकू नका. त्यात पहिला आवाज माझाच आहे, तेव्हा हे सांगायचा हक्क दुसऱ्या कुणापेक्षा मला जास्त आहे.

या अंकाच्या संपादकांचा निरोप होता की मास्तर, आयुष्यभर गायन पार्टीत पेटी वाजवलीत, तर काही गमतीजमती लिहून द्या. गमती पुष्कळ आहेत. एका गावात दोन बैलगाड्या जोडून स्टेज केलं होतं. भर गाण्यात एक गाडी सरकली, मी पेटीसकट मागं गेलो आणि गाणं माझ्याशिवाय पुढं चालू राहिलं. दुसऱ्या एका गावात पाहुण्यांची भाषणं एवढी लांबली की आमची पाळी येईपर्यंत कोरसवाले घोरायला लागले होते. असं बरंच आहे. पण लिहायला बसलं की हे सगळं मागं राहतं आणि तो अल्बमच पुढ्यात येऊन बसतो. मग म्हटलं, त्याचंच लिहू.

ज्यांनी गायन पार्टी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भीमजयंती आली की आमच्या बीड जिल्ह्यात गावोगाव गाण्याचा कार्यक्रम लागतो. जयंती एप्रिलच्या मध्याला, पण आमचा हंगाम पार वैशाख सरेपर्यंत चालायचा. कारण शिरूर कासारच्या बाजूला कितीतरी गावांत तेव्हा निम्मी घरं कुलूपबंद असतात, माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. ती कारखान्यावरून परत आली, भांडीकुंडी उतरवली, की मग त्या गावाची जयंती. आमचं गाव नांदूरघाटाजवळ. तिथून जीपमध्ये वाद्यं टाकायची आणि निघायचं.

स्टेजवर पुढं गाणारा असतो, त्याला पहिला आवाज म्हणतात. एका अंगाला ढोलकी, दुसऱ्या अंगाला पेटी, मागं टाळ्या वाजवणारा कोरस. पेटीवाल्याची कामं तीन. गाणाऱ्याला सूर द्यायचा, तो श्वास घेतो तेवढी जागा भरून काढायची आणि बाकीच्या वेळेला गप बसायचं. हे तिसरं काम मला आयुष्यभर जड गेलं.

आमच्या ‘उजेडवाट गायन पार्टी’चा पहिला आवाज म्हणजे किसनदादा. दिवसा सरकारी दवाखान्यात शिपाई आणि एरवी गाण्याचा राजा. आवाज असा मोठा की माइक बंद पडला तर दादाला कळायचंच नाही. ढोलकीला रज्जाकभाई. त्याचा धंदाच ढोलक्या मढवायचा. आमच्या सगळ्यांच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि त्याच्या घरात मशिदीचं कॅलेंडर, पण जयंतीचा हंगाम जवळ आला की सगळ्यात आधी त्याचीच वळवळ सुरू व्हायची. एकदा एका गावातल्या पुढाऱ्यानं त्याला विचारलं, “चाचा, तुमी कावून वाजवता हो ही गाणी?” रज्जाकभाई म्हणाला, “ढोलकी कू पूछो. मेरे कू बी उसनेच लाया इधर.” पुढारी हसला आणि चहा सांगितला.

मी पेटी वाजवायचो, आणि हंगाम नसला की पेट्या दुरुस्त करायचो. अजून करतो. फाटलेला भाता, बसलेले सूर, उंदरानं कुरतडलेल्या पट्ट्या. कोरसला सुमनबाई आणि तिच्यासोबत आणखी दोघंतिघं. एवढीच पार्टी. पण नाव असं की बीड, केज, पाटोदा, कुठंही जा, ‘उजेडवाट’ म्हटलं की माणसं दोन दिवस आधी सतरंजीवर जागा धरायची. थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.

हे नाव कशानं झालं तेही सांगायला पाहिजे, कारण पुढं त्याचाच घोळ झाला.

शिरूरकडच्या एका गावात ऊसतोडीची माणसं नुकतीच परतली होती. संध्याकाळी कार्यक्रम लागला. पुढं बसलेल्या बाया अशा दमलेल्या की डोळे उघडे पण माणूस घरात नाही. किसनदादा गळा फाडून गात होता आणि समोर ढिम्म. आमचं एक गाणं होतं, दादानंच बांधलेलं, ‘चुलीपुढच्या पोरीला पाटी कुणी दिली गं’. त्याच्या उत्तरात दादा म्हणायचा, ‘भीमानं’. त्या दिवशी ओळ संपली आणि उत्तर यायच्या आधी रज्जाकभाईनं ढोलकीवरचा हात उचलला तो तसाच ठेवला. एकदम सगळं बंद. दादा गोंधळला, मीही बोटं उचलली. रज्जाकभाईनं पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीकडं पाहिलं आणि नुसती हनुवटी हलवली, म्हणजे बोल की. म्हातारी दचकली. मग बारीक आवाजात म्हणाली, “भीमानं.” त्याबरोबर रज्जाकभाईची थाप अशी पडली की सगळी सतरंजी जागी झाली. पुढच्या कडव्याला शंभर बाया एका दमात बोलल्या. सुमनबाई मागं टाळ्या वाजवता वाजवता रडायला लागली.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक गाण्यात ती जागा ठेवायला लागलो. आम्ही तिला ‘रज्जाकचा थांबा’ म्हणायचो. रज्जाकभाई किती वेळ थांबणार हे आधी कुणालाच ठाऊक नसायचं, त्यालासुद्धा. तो माणसांकडं बघायचा. कुठं लगेच थाप, कुठं असा लांबवायचा की माझी बोटं पट्ट्यांवर वळवळायला लागायची. पण एकदाही ती जागा रिकामी गेली नाही.

लिंबागणेशच्या बाजूला एक धनगर म्हातारा होता. मेंढरं कुठंतरी बसवून, घोंगडी खांद्यावर टाकून दरसाल आमच्या गाण्याला यायचा आणि एकदम पुढं बसायचा. गाणं झालं की स्टेजजवळ येऊन आपलं मत सांगायचा, न विचारता. “दादाचा गळा यंदा बरा हाय. चाचाची थाप म्हंजी काय बोलायचं. अन् मास्तर, तुमची पेटी मधी मधी लई बोलती.” सगळे खो खो हसायचे. मीही हसायचो, पण परतीच्या जीपमध्ये तोंड फुगवून बसायचो. मला वाटायचं, ह्या दोघांच्या मधे आपण नुसतं दाराच्या चौकटीसारखं उभं राहायचं का? मलाही गाता येत होतं. घरी गायचो. बायको म्हणायची, बरं गाता. ‘बरं’ या शब्दाकडं मी नीट लक्ष द्यायला पाहिजे होतं.

मग रज्जाकभाईला लकवा मारला. डावं अंग गेलं. ढोलकीला डावा हात म्हणजे घुमणारी बाजू, तीच गेली. मी आणि दादा त्याला दवाखान्यात बघायला गेलो. तो उजव्या हाताची बोटं खाटेच्या दांडीवर वाजवत होता आणि डाव्या हाताकडं असं बघत होता की कुणाचा तरी हात चुकून आपल्या पांघरुणात आलाय. बाहेर आल्यावर किसनदादा पायरीवर बसला.

“मास्तर, बास झालं. पार्टी थांबवू,” दादा म्हणाला.

“थांबवू म्हंजी? ढोलकीवाले काय कमी हायत का?”

“ढोलकीवाले लई हायत. रज्जाक न्हाई.”

“दादा, पार्टी म्हणजे काय तुम्ही दोघंच का? आम्ही काय इतकी वर्षं झांजा कुटल्या?”

दादा पायरीवरून उठला. “तुला गायचंय का?” असं त्यानं साधं सरळ विचारलं. त्यात टोमणा नव्हता. मला मात्र तो टोमणाच वाटला, कारण त्यानं बरोबर ओळखलं होतं. मी म्हणालो, “गायचंच झालं तर मला काय येत न्हाई का?” दादा म्हणाला, “गा. पार्टीचं नाव मातर दुसरं घे.” मी नाव दुसरं घेतलं नाही. दादा त्या दिवसापासून पार्टीत नव्हता. माझ्याशी बोलणं त्यानं सोडलं नाही. फक्त गाण्याचं बोलणं सोडलं.

अल्बमची कल्पना माझीच. आता लोक मोबाइलवर ऐकतात, मोबाइलवर बघून कार्यक्रम ठरवतात. आमची एवढी वर्षं गेली, पण आमचं धड रेकॉर्डिंग एकही नव्हतं. दादाला ते आवडायचंच नाही. समोर माणूस बसलेला नसेल तर गाणं कुणाला म्हणायचं, असं तो म्हणायचा. लोकांनी मोबाइलवर घेतलेलं असायचं, त्यात जनरेटर जास्त आणि गाणं कमी. म्हणजे रज्जाकभाईची ढोलकी जगात कुठंच राहिली नव्हती. मी स्वतःला सांगितलं की आपण पार्टीचं नाव टिकवतोय, रज्जाकभाईचं नाव टिकवतोय. अल्बमला नाव दिलं ‘नवा उजेड’. जुना काय विझला होता का, असं कुणी विचारलं नाही हे माझं नशीब.

बीडमध्ये प्रशांत म्हणून एकाचा स्टुडिओ आहे. भला माणूस आहे, त्याला नावं ठेवायला जागा नाही. त्यानं मला काचेच्या खोलीत उभं केलं आणि कानाला हेडफोन लावले. कानात नुसती टिकटिक, तिच्यावर गायचं. एक ओळ गायली की प्रशांत म्हणायचा, “काका, परत.” मी परत गायचो. समोर बाया नाहीत, टाळ्या नाहीत, शेजारी कुणी घाम पुसत नाही. माझे सूर खाली उतरायचे ते तो कॉम्प्युटरवर उचलून वर ठेवायचा. “आता बघा काका,” म्हणून त्यानं ऐकवलं तेव्हा तो आवाज माझा वाटेना. पण सुरात होता. मी म्हटलं, झकास.

ढोलकी कॉम्प्युटरची. प्रशांतकडं पाहिजे तसली ढोलकी होती, नुसतं बटण दाबायचं. मी त्याला म्हणालो, “ओळ संपली की इथं सगळं बंद करायचं.”

“सगळं?”

“सगळं. ढोलकी, पेटी, कोरस. ही आमच्या पार्टीची खूण हाय.”

“काका, ऐकणाऱ्याला वाटेल बिघडलं. कोरसकडून ‘भीमानं’ म्हणवून टाकू का तिथं?”

“न्हाई, न्हाई. तिथं लोक बोलतात.”

“कोणते लोक?”

“ऐकणारे.”

प्रशांतनं एकदा माझ्याकडं आणि एकदा घड्याळाकडं पाहिलं, आणि जागा मोकळी ठेवली. प्रत्येक गाण्यात, प्रत्येक कडव्याला, एकाच मापाची. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता. म्हटलं, मशीन आलं तरी आपण रज्जाकचा थांबा सोडला नाही.

पेटीचंही सांगून टाकतो. माझी पेटी माइकपुढं ठेवली तर भात्याचा फुसफुस आवाज येत होता आणि पट्ट्यांची खटखट. प्रशांत म्हणाला, “काका, मी कीबोर्डवर पेटीचा आवाज काढतो, तुम्ही चहा घ्या.” माझा चहा संपायच्या आत त्यानं सगळ्या गाण्यांची पेटी वाजवून टाकली. “फरक कळतो का?” त्यानं विचारलं. फरक मला पहिल्या सुराला कळला होता. मी म्हणालो, “चांगलं वाटतंय.” मला घाई होती. मला परत काचेच्या खोलीत जाऊन गायचं होतं. माझी पेटी गवसणीत गेली तशी परत आली.

मग प्रशांतनं अल्बमच्या फोटोवर टाकायला नावं विचारली. मी सांगितली. पहिला आवाज, भास्कर, म्हणजे मी. पेटी, भास्कर. ढोलकी, रज्जाकभाई. कोरस, सुमनबाई आणि साथी. रज्जाकभाईचं नाव मी प्रेमानं टाकलं, त्याच्या घरच्यांना बरं वाटेल म्हणून टाकलं. आणि त्याच्या नावावर चार माणसं जास्त ऐकतील, म्हणूनही टाकलं. किसनदादाचं नाव टाकायला मन धजलं नाही. दादा हिंडता-फिरता होता, त्यानं येऊन विचारलं असतं. रज्जाकभाई खाटेवर होता.

जयंतीच्या सकाळी आमच्या विहारात वंदना झाली, निळा झेंडा वर चढला. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया, नव्या सदऱ्यातली पोरं, सगळं गाव. मी पेनड्राइव्ह साउंडवाल्याच्या हातात दिला आणि पुढं जाऊन बसलो. आमच्या गावानं आम्हाला जन्म दिला होता, म्हणून पहिलं गाणं गावाला.

मशीनची ढोलकी सुरू झाली. माझा आवाज सुरू झाला. सुरात होता. लोक शांतपणे ऐकत होते. ‘चुलीपुढच्या पोरीला पाटी कुणी दिली गं’, आणि थांबा आला.

कुणीच बोललं नाही.

विहारात एवढी माणसं आणि बाहेरच्या कुत्र्याचा आवाज ऐकू येत होता. मग मशीन आपलं वेळ झाली तसं पुन्हा वाजायला लागलं. दुसऱ्या कडव्याला पुन्हा थांबा. आता साउंडवाला उठला. “पिन हलतीय वाटतं,” म्हणत त्यानं पेनड्राइव्ह काढला, फुंकर मारली, परत घातला. गाणं पहिल्यापासून सुरू झालं. सगळं परत. परत माझा आवाज, परत पाटी, परत थांबा. मला उठून सांगता येईना की बाबा, पिन बरोबर आहे.

मागं सुमनबाईची सासू बसली होती. तिला कमी ऐकू येतं, म्हणून बोलते मोठ्यानं. “का गं सुमे, सारखं थांबतंय कावून?”

“आत्या, तिथं आपण बोलायचं आसतं,” सुमनबाई कुजबुजली. सगळ्यांना ऐकू गेलं.

“मंग आधी सांगायचं की.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पुढच्या थांब्याला दोघातिघांनी, लग्नात ओळख नसलेल्या माणसाला हात जोडतात तसं, हळूच ‘भीमानं’ म्हटलं. माझ्याकडं बघून म्हटलं, म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. ते ऐकून मला जेवढी लाज वाटली तेवढी शांततेची वाटली नव्हती. तोंड कुठं लपवू असं झालं. ती माणसं ह्याच गाण्याला जीव तोडून बोलायची. मी त्यांना उपकारापुरतं बोलायला लावलं होतं.

कार्यक्रम संपला. माणसं जेवणाच्या पंगतीकडं गेली. मी सतरंजी गोळा करायला लागलो, काहीतरी हाताला पाहिजे म्हणून. दुसरं टोक कुणीतरी उचललं. किसनदादा होता. तो मागं भिंतीला टेकून बसला होता हे मी पाहिलंच नव्हतं. आम्ही सतरंजीची घडी घातली.

“ऐकलं,” दादा म्हणाला. मी ऐकण्यासाठी थांबलो होतो, त्यानं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण तो घडी खांद्यावर टाकून आत ठेवायला गेला.

अल्बम मोबाइलवरही गेला आणि त्या हंगामात ठरलेल्या गावांचे फोन यायला लागले. यंदा भाषणच ठेवलंय मास्तर. यंदा पोरांनी डीजे सांगितलाय मास्तर. सगळे आदरानं बोलायचे. मी ‘असू द्या, असू द्या’ म्हणायचो. त्याचं मला फार वाटलं नाही, खरं सांगतो. मला भीती एकच होती, रज्जाकभाईची. त्याच्या घरावरून जायचा रस्ता मी सोडून दिला. दुकानाला जायला लांबून वळसा घालायचो. बायको म्हणाली, “पाय दुखत्यात म्हणता अन् येवढं चालता?”

शेवटी त्याची सून शबाना, तिचाच फोन आला. “मास्तर, अब्बा बुला रहे.”

गेलो. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “मास्तर, कल नांदूरघाट से वो ताशेवाला आया था. क्या बोला मालूम? बोला, चाचा, लकवा मारा तो बी बजाया तुमने. बीच बीच में हात अटका, मगर बजाया. मेरे पाँव कू हात लगाया उसने. दया किया मेरे पे.”

मी खाटेच्या पायथ्याशी बसलो.

“मैं अटका?” त्याचा आवाज चढला, अर्ध्या तोंडानं बोलताना शब्द वाकडे निघत होते. “पूरी जिंदगी बजाया, अटका कभी? तू बोल. तेरे बाजू में बैठता था ना मैं?”

“न्हाई रज्जाकभाई. कधीच न्हाई.”

“फिर मेरा नाम काय कू डाला बे?”

प्रेमानं टाकलं, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. ते त्याच्यापुढं निघेनात. जगात रज्जाकच्या ढोलकीचं म्हणून जे एकुलतं एक काही राहिलं होतं त्यात रज्जाक नव्हताच, होतं ते एक बटण. आणि त्या बटणाची ठेच लोक त्याच्या लुळ्या हाताच्या नावावर घालत होते. मी त्याचा पाय धरला. त्यानं चांगला होता तो हात माझ्या डोक्यावर ठेवला नाही. म्हणाला, “रोने का काम नक्को. नाम निकाल.”

प्रशांतनं दुसऱ्या दिवशी फोटो बदलून दिला, एका शब्दानं नाही म्हणाला नाही. “ढोलकीसमोर काय लिहू?” म्हणाला. मी म्हटलं, मशीन लिही. पण जुना फोटो लोकांच्या मोबाइलमध्ये गेलेला होता, आणि ज्यांनी ऐकलं त्यांच्या मनात रज्जाक अटकलाच होता. ते पुसायचं तर तोंडानं सांगायला पाहिजे होतं.

बुद्ध पौर्णिमेला विहारात माणसं जमली तेव्हा मी माइक मागून घेतला. पेटी नव्हती, गाणं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. म्हणालो, “त्या अल्बमात रज्जाकभाई वाजवत नाहीत. ती मशीन आहे. रज्जाकभाईंचा हात कधी अटकला नाही आणि त्यात जे अटकलंय ते मी मुद्दाम ठेवलं होतं, माझी अक्कल म्हणून. त्यांना न विचारता मी त्यांचं नाव टाकलं. चूक माझी. सगळ्यांना सांगा, नांदूरघाटात सांगा, जिथं जाल तिथं सांगा.” मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. सुमनबाई जवळ येऊन म्हणाली, “मास्तर, लई मोठं मन हाय तुमचं.” किसनदादानं लांबून मान हलवली. पेटीचं मी काही बोललो नव्हतो. ते कुणी विचारलंही नव्हतं.

मला एवढं हलकं वाटत होतं की काय सांगू. विहारातली खीर डब्यात घेतली आणि वळसा न घालता सरळ रस्त्यानं रज्जाकभाईकडं गेलो. शबानानं खीर वाटीत काढून दिली. तो उजव्या हातानं सावकाश खात होता, मी शेजारी बसून काय काय बोललो ते सांगत होतो. जरा रंगवूनच सांगत होतो. टाळ्यांचंही सांगितलं.

“अच्छा किया,” तो म्हणाला. “और?”

“आणखी काय?”

“पेटी का बोला?”

खिरीचा डबा माझ्या मांडीवर होता, त्याचं झाकण मी लावायला लागलो. ते बसेना.

“वो तेरी पेटी न्हई है मास्तर,” रज्जाकभाई म्हणाला. रागानं नाही, एखाद्याला त्याच्या सदऱ्याचं बटण उघडं आहे म्हणून सांगतात तसं. “तेरा भाता साँस लेता. मेरे कान के बाजू में उमर गई उसकी. उसमें साँसच न्हई. मेरा नाम निकाला, अच्छा किया. तेरा कब निकालता?”

मी ‘बघतो’ म्हणालो. त्यानं पुढं विचारलं नाही. शबानाला म्हणाला, थोडी और डाल, मीठी है.

त्याला वर्ष होऊन गेलं. ढोलकीसमोर ‘मशीन’ आहे. प्रशांतला एक फोन केला की पेटीसमोरही तेच येईल, त्याला दोन मिनिटांचं काम नाही. नंबर काढतो, बघतो आणि ठेवून देतो. आयुष्यभर पेटी वाजवली, आणि पेटीवाला म्हणून माझं नाव जगात त्या एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे.